अडकलेली हवा

हिवाळा तोंडावर आला की धाकट्याच्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्तीला नव्हे, झोपायला येत. बसक्या, दोनच माणसांच्या, उन्हाळाभर रस्त्यावर मिरवून घेणाऱ्या गाड्या. पोराला वसतिगृहात सोडून निघाल्यासारखे चेहरे करून मालक किल्ली हातात देत. धाकटा त्यांना चार धीराचे शब्द सांगे आणि त्यांची पाठ वळली की कामाला लागे. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. टायरमध्ये हवा जरा जास्त मारायची, म्हणजे एका जागी उभं राहून ते बसके होत नाहीत. बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवायचा. आणि या सगळ्याच्या आधी इंजिन गार ठेवणारं कूलंट बघायचं. बाकी काही विसरलं तर नुसता खर्च येतो. कूलंट विसरलं आणि आतलं पाणी गोठलं, तर इंजिनच उकलतं.

वय पन्नाशीला टेकलं होतं, डोक्यावर केस औषधापुरते उरले होते, तरी तो धाकटाच. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं थोरल्या बहिणीने, ताईने केलं. ती त्याला धाकटा म्हणे, म्हणून सगळा बाजार धाकटा म्हणे. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. लांबट पत्र्याची शेड, तिच्यामागे फरशीचं अंगण आणि अंगणापलीकडे दोन खोल्या, एवढा त्याचा संसार. शेडचा अर्धा भाग त्याने पेंटरला भाड्याने दिला होता. मध्ये जाड प्लास्टिकचा पडदा. पडद्यापलीकडून दिवसभर कॉम्प्रेसरची घरघर आणि पेंटरची बडबड येई. दोन्ही एकदम बंद पडली तर धाकट्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

शेडच्या अगदी टोकाला, ताडपत्रीखाली, भाऊजींची गाडी होती.

ताईचे यजमान दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावणारा हा माणूस स्वतः मात्र कुणाचं काही ऐकून घेत नसे. सिगारेट सोडल्यापासून गालात सदैव ज्येष्ठमधाची काडी, आणि डोक्यात सदैव ही गाडी. तिचं इंजिन मागे, रेडिएटर पुढे नाकात, आणि दोघांना जोडणारे लांबलचक पाईप माणसांच्या बुडाखालून गेलेले. सुट्टीच्या दिवशी ते तिला शर्यतीच्या मैदानावर न्यायचे. तिथे कूलंट चालत नाही. सांडलं तर रस्ता निसरडा होतो, म्हणून साधं पाणी भरावं लागतं. भाऊजींनी साधं पाणी भरलं. दुसऱ्या कुणा शर्यतवाल्या मेकॅनिककडून मोठा रेडिएटर बसवून घेतला. वजन नको म्हणून गाडीतला हीटर काढून टाकला आणि इंजिनाचं गरम पाणी हीटरकडे नेणाऱ्या दोन पाईपांची तोंडं एकमेकांना जोडून दिली.

"भाऊजी, हिवाळ्याआधी हे सगळं परत बदलायला हवं," धाकट्याने सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं होतं.

"हो रे बाबा. पुढच्या रविवारी आणतो."

गेल्या हिवाळ्यात, त्या रविवारच्या आधी, घाटात अवेळी बर्फ पडलं. रस्ता बंद झाला. साधं पाणी गोठलं, इंजिन थांबलं, आणि हीटर तर नव्हताच. बर्फ काढणारी गाडी तिथवर पोचली, तेव्हा काचांवर आतून बर्फाचा असा थर चढला होता की आत कुणी आहे हेच आधी कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर ताई धाकट्याकडे राहायला आली. वर्षभर तिने गाडीचं नाव काढलं नाही. या वर्षीची पहिली थंडी पडली त्या सकाळी मात्र ती शेडमध्ये आली आणि तिने ताडपत्रीचं टोक उचललं.

"हिला हीटर बसवून दे."

"ताई, गाडी विकून टाकू या. एक जण मागतोय."

"विकू. आधी हीटर बसव. गाडी सुरू झाली, आत ऊब आली की मी मोकळी झाले. मग तू आणि तुझं गिऱ्हाईक."

धाकट्याला हे ऐकून बरंच वाटलं. एक काम केलं की ताई त्या गाडीतून सुटणार होती. त्याने ताडपत्री ओढून काढली.

ड्रायव्हरच्या बाजूची काच आतून धुरकटली होती.

सगळी नाही. माणसाच्या तोंडासमोर येईल तेवढाच गोल. धाकट्याने दार उघडून बोटाने तो डाग पुसला आणि बोट जिभेला लावलं. हीटर गळत असला की अशी वाफ धरते, पण ती कूलंटमुळे गोडसर आणि चिकट लागते. हे नुसतं पाणी होतं, आणि गाडीत हीटरच नव्हता. गालिचा भिजला असेल म्हणून त्याने तो उचलला, तर खालचा पत्रा खडखडीत कोरडा. त्याने ओल शोषणाऱ्या पुड्या सीटखाली ठेवल्या आणि विषय संपवला. दुसऱ्या सकाळी पुड्या कोरड्या होत्या आणि काचेवरचा गोल परत आला होता.

इंजिन तसं वाचलं होतं. बर्फाच्या रेट्याने ब्लॉकच्या अंगाची पत्र्याची झाकणं बाहेर उडाली आणि त्यावर भागलं. धाकट्याने नवी झाकणं ठोकली, भंगारातून तशाच गाडीचा हीटर मिळवला, पाईप पूर्वीसारखे जोडले, थंडीत न गोठणारं हिरवं कूलंट भरलं. आता एकच काम उरलं, एअर काढायची. एवढे लांब पाईप म्हटल्यावर कुठेतरी हवा अडकून राहतेच. इंजिन चालू ठेवायचं, हीटर पूर्ण उघडायचा, कूलंटच्या टाकीचं झाकण काढून बसून राहायचं. बुडबुडे येतात, येतात, आणि थांबतात. पोटात गुबारा धरलेल्या बाळासारखं गाडीला खांद्यावर घेऊन थोपटायचं, एवढंच ते काम.

बुडबुडे थांबले नाहीत.

दुपार गेली, दुसरी दुपार गेली. एक बुडबुडा येई, मग जरा उसंत, मग पुन्हा एक. कूलंट कुठूनही गळत नव्हतं. हीटरमधून गरम हवा यायची आणि मध्येच बर्फासारखी गार. पेंटर पडदा बाजूला सारून बघायला आला.

"घोरतंय की काय रे तुझं इंजिन?"

"हसू नकोस. गॅस्केट गेलंय बहुतेक."

इंजिनाच्या जोडातलं गॅस्केट गेलं की जळलेला गॅस कूलंटमध्ये शिरतो. ते ओळखायला धाकट्याकडे एक काचेची नळी होती. तिच्यात निळं पाणी घालायचं, नळी टाकीच्या तोंडावर धरायची आणि वरचा रबरी फुगा दाबून टाकीतली हवा त्या पाण्यातून ओढायची. गॅस असला तर पाणी हिरवट होत होत पिवळं पडतं. पाणी शिळं नाही ना, हे बघायची मेकॅनिक लोकांची युक्ती सोपी असते. नळीत आपणच फुंकायचं. माणसाच्या श्वासानेही ते पिवळं होतं. धाकट्याने फुंकलं, पिवळं झालं. ते ओतून नवं पाणी भरलं आणि नळी टाकीवर धरली. पुन्हा पिवळं.

म्हणजे गॅस्केटच. त्याने इंजिन उघडलं. हे काम सोपं नव्हतं. या गाडीत हात घालायचा म्हणजे खांदा घरी ठेवून यावं लागे. त्या सगळ्या दिवसांत ताई दुपारची शेडमध्ये येऊ लागली. जेवणं उरकली की ती यायची, गाडीच्या दुसऱ्या सीटवर बसायची आणि दार ओढून घ्यायची. आधी थोडा वेळ, मग दुपारभर.

"ताई, गारठशील. इंजिन बंद आहे."

"आत ऊब आहे रे," ती म्हणायची.

ती जेवायचीही कमी झाली. पोळी अर्धी टाकून उठायची. धाकट्याने एकदा अंगणात तिला स्वतःची लोकरीची टोपी देऊ केली.

"असू दे. मला नाही वाजत थंडी."

गारठा असा होता की नळाखालची बादली गोठली होती. धाकटा बोलला की त्याच्या तोंडातून वाफ निघे. पेंटर तर बोलबोलून स्वतःभोवती ढग करून घेई. ताई त्यांच्यामध्ये उभी राहून काहीतरी सांगत होती, नेहमीच्याच आवाजात. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.

धाकट्याने डोळे चोळले. तिने तोंडाला पदर लावला असेल, वारा असेल, असं मनाला समजावलं. पण पदर खांद्यावर होता आणि वारा नव्हता. त्याने तिचा हात धरला. हात अंगणातल्या फरशीइतका गार होता. त्या दिवसापासून त्याला भीती वाटू लागली. साधी, सरळ भीती, लहानपणी ताई बाजारातून यायला उशीर करायची तेव्हा वाटायची तशी.

गॅस्केट शाबूत निघालं. कुठे चीर नाही, कुठे काळा डाग नाही. तरी त्याने नवं घातलं, सगळं पुन्हा आवळलं, ताजं कूलंट भरलं आणि टाकीत डोकावला. बुडबुडा आला. उसंत. पुन्हा बुडबुडा. त्याने वैतागून नळी उचलली आणि टाकीवर धरली. निळं पाणी हिरवट झालं आणि पिवळं पडलं.

पेंटर शेजारीच होता. त्याने नळीकडे पाहिलं, मग इंजिनाकडे.

"एक विचारू? तू अजून सेल मारलाच नाहीयेस ना?"

धाकट्याचा हात फुग्यावरच राहिला. इंजिन उघडल्यापासून ते एकदाही चालू झालं नव्हतं. जळलेला गॅस येणार कुठून? जुनं कूलंट तर थेंबन् थेंब काढून टाकलेलं. टाकीतली हिरवी पातळी हळूच वर चढली, थांबली, हळूच खाली गेली. झाकण नसलेल्या तोंडातून कोमट हवा आली. तिला ज्येष्ठमधाचा वास होता.

"मला रंग ढवळायचाय," असं म्हणून पेंटर पडद्यामागे गेला. त्या दिवशी तो फारसा बोलला नाही.

धाकटा रात्रभर विचार करत राहिला, पण सकाळी उठला तो मेकॅनिक म्हणूनच उठला. हवा अडकली आहे, तर हवा काढायची. गाडी विकायची. ताईला त्या सीटवरून उठवायचं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. ताई दुपारी येईल, त्याच्या आत काम उरकायचं होतं.

त्याने शेडचं मोठं दार उघडून ठेवलं, धूर बाहेर सोडायला सायलेन्सरला लांब पाईप लावला, इंजिन सुरू केलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर उतरला. या गाडीत बसत नाहीत, उतरतात. हीटर पूर्ण उघडला. पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर ठेवून तो तापमानाचा काटा बघत राहिला. उघड्या दारातून झोंबरा वारा येत होता, म्हणून त्याने गाडीचं दार स्वतःच ओढून लावलं.

काटा हळूहळू वर आला आणि बरोबर जिथे थांबायला हवा तिथे थांबला. हीटरमधून ऊब यायला लागली. पावलं गरम झाली, मग गुडघे. पडद्यापलीकडे पेंटरचा कॉम्प्रेसर घरघरत होता. धाकट्याला वाटलं, झालं, सुटलो.

मग ऊब गेली.

काटा खाली आला. इंजिनाचा आवाज मागच्या मागे विरत गेला. किल्ली फिरवली, काही नाही. आतली मूठ ओढली, ती हातात सैल फिरली. त्या मुठीची वायर त्याने याच आठवड्यात तेल घालून बसवली होती. दुसऱ्या दाराची मूठही तशीच. काच खाली होईना. हॉर्न दाबला, तो वाजला नाही. त्याने दोन्ही हातांनी काच बडवली, पेंटरला हाका मारल्या. पडद्यापलीकडे घरघर चालूच होती.

घाबरायचं नाही, त्याने स्वतःला बजावलं. वायर सुटलीय, बॅटरी बसलीय, एवढंच. या डब्यात अशी किती हवा असते? बरीच असते. कुणीतरी येईलच.

काचा धुरकटल्या. आधी त्याच्यासमोरची, मग सगळ्या. शेडमधला उजेड दुधासारखा झाला आणि मग तोही मावळत गेला. बाहेर भर दुपार होती. त्याने बाहीने काच पुसली. बाही कोरडी राहिली आणि कडक झाली. वाफेवर बर्फ धरत होतं.

त्याच्या तोंडासमोर एक गोल तेवढा ओला होता. तो मोठा होई, लहान होई.

माझाच श्वास, धाकटा म्हणाला.

त्याने श्वास रोखला.

गोल मोठा झाला. लहान झाला. पुन्हा मोठा झाला.

छाती फुटायची वेळ आली तरी त्याने श्वास रोखून धरला होता. गोल आपल्या लयीत चालू होता. ज्येष्ठमधाचा वास इतका जवळून आला की त्याला स्वतःच्या गालात काडी असल्यासारखं वाटलं.

आणि एक गोष्ट त्याला कळली, ती भीतीहून वाईट होती. त्याला आता थंडी वाजत नव्हती. आत ऊब होती.

त्याला ताई आठवली. रोज दुपारी दार ओढून घेणारी. थोड्या वेळाने ती येईल, याच दुधाळ उजेडात बसेल, आणि एखाद्या दिवशी उठणार नाही.

"भाऊजी," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही. "भाऊजी, तिला सोडा."

गोल मोठा झाला.

"तिने मला वाढवलंय हो. तिला सोडा. सोबत हवी असेल तर..."

पुढचं तो बोलला नाही. काम बघितल्याशिवाय कधी कुणाला शब्द न देणारा माणूस तो. पण गोल थांबला होता. त्याचं ऐकून घेतल्यासारखा.

"बरं," धाकटा म्हणाला.

दार उघडलं. बाहेरून.

"किती वेळ बसलायस रे? हाका मारतेय मी केव्हाची!"

ताई होती. इंजिन चालू होतं. काटा बरोबर जागेवर होता, हीटर गरम हवा फेकत होता, सगळ्या काचा लख्ख होत्या. आतली मूठ त्याने ओढून पाहिली. खटकन लागली. धाकटा गाडीतून जवळजवळ रांगतच बाहेर आला.

"काय मेली थंडी आहे आज!" ताईने हात एकमेकांवर चोळले. दात वाजत होते तिचे. "आणि भूक लागलीय मला. सकाळपासून पोटात कावळे ओरडतायत. चल, आधी जेवू."

प्रत्येक शब्दाबरोबर तिच्या तोंडातून वाफेचा लोट निघत होता. धाकटा तो नुसता बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गाडीत नाही बसायचं?"

तिने गाडीकडे पाहिलं, परक्याच्या गाडीकडे पाहावं तसं. "कशाला? सुरू झाली ना? मग देऊन टाक उद्या त्या माणसाला. पुरे झालं आता."

पेंटर कॉम्प्रेसर बंद करून आला. तिघंही टाकीवर वाकले. हिरवी पातळी खुणेवर स्थिर होती. बराच वेळ थांबले, एकही बुडबुडा आला नाही. धाकट्याने नळीत निळं पाणी भरलं आणि टाकीवर धरलं. पाणी निळंच राहिलं.

"सुटलास बाबा," पेंटर म्हणाला आणि त्याने इतक्या जोरात निःश्वास टाकला की टाकीवर वाफ पसरली.

"पाणी शिळं नाही ना, तेवढं बघतो," धाकटा म्हणाला. सवय होती ती. त्याने नळीचं तोंड ओठांना लावलं आणि फुंकलं.

पाण्यात बुडबुडे उठले. पाणी निळं राहिलं.

त्याने पुन्हा फुंकलं, छातीतलं सगळं. निळं.

"शिळंच दिसतंय," पेंटर म्हणाला. "मग मघाचं टाकीचं पण खोटं."

"अय्या, काय असतं रे हे? बघू," म्हणत ताईने नळी त्याच्या हातातून घेतली. कित्येक महिन्यांनी ती अशी हसली होती. "आणि डोक्याला टोपी घाल आधी. वाजत नाही का तुला थंडी?"

"नाही," धाकटा म्हणाला.

ताईने गाल फुगवून नळीत फुंकलं. निळं पाणी हिरवट झालं, आणि बघता बघता पिवळंधमक पडलं.